खणातली गलोल

दुर्बीण पुसायचं मऊ फडकं सापडेना, म्हणून टेबलाचा खालचा खण पार बाहेर ओढला. त्या खणात आमच्या घरातल्या सगळ्या बेवारस वस्तू नांदतात. बंद पडलेलं घड्याळ, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, किल्ली हरवलेलं कुलूप, कुठल्याच मोबाइलला न बसणारे चार्जर. फडकं तिथंही नव्हतं. तळाशी हाताला काहीतरी खरबरीत लागलं. ओढून काढलं, तर गलोल.

पेरूच्या फांदीचं बेचकं. साल काढून, काचेनं घासून, हाताळून हाताळून तेलकट झालेलं. सायकलच्या ट्यूबच्या दोन काळ्या पट्ट्या, त्यातली एक दुसरीपेक्षा नवी. मधे कधीतरी तुटली असणार आणि बदलली असणार. खडा धरायचा चामड्याचा तुकडा कुठल्यातरी जुन्या वहाणेचा, शिवणीची भोकं अजून तशीच दिसणारी. मुठीशी केळीच्या वाळक्या सोपटाचे वेढे, घामानं हात सरकू नये म्हणून. वर्षभर खणात पडून पट्ट्या कडक झाल्या होत्या. सहज ताणून पाहिली, तर जुन्या पट्टीवर बारीक तडे उमटले.

ही गलोल माझी नाही. गेल्या जानेवारीत एका तेरा वर्षांच्या पोराच्या मागच्या खिशातून मी ती काढून घेतली. ‘काढून घेतली’ असं आज म्हणतोय. तेव्हा सगळ्या पोरांसमोर मी ‘जप्त केली’ म्हणालो होतो, आणि पोरं खो-खो हसली होती.

दर जानेवारीत आम्ही चार-पाच जण हतनूर धरणावर पाणपक्ष्यांच्या मोजणीला जातो. आशियाभर १९८७ पासून ही मोजणी चालते, त्यातला आमचा वाटा म्हणजे तापी-पूर्णेच्या फुगवट्यावरचे दोन-तीन काठ. मी नोकरीनं बँकेतला, त्यामुळे मोजण्याची सवय जुनी. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकानं टूम काढली की, आपण सगळे पन्नाशीचे झालो, गुडघे बोलायला लागले, आता नवी पोरं तयार करायला हवीत. पाण्याच्या जवळच्या एका गावातल्या शाळेशी बोलणं झालं. आठवीची चौदा पोरं-पोरी आणि एक उत्साही सर. आम्ही जय्यत तयारीनं गेलो. पक्ष्यांची रंगीत चित्रं छापलेले कागद, नोंदीचे तक्ते, पेन्सिली, बिस्किटांचे पुडे आणि अर्थातच भाषण.

त्या सकाळी थंडी अशी होती की, थर्मासातला चहा कपात ओतेपर्यंत निवत होता. पाण्यावर धुकं. पाणी जिथून मागे सरलं होतं त्या गाळात कुणीतरी हरभरा पेरला होता, त्याचा आंबूस वास आणि शेवाळाचा ओला वास एकमेकांत मिसळून येत होता. धुक्याच्या आतून वारकरी पक्ष्यांची कुरकुर ऐकू यायची आणि मधेच चक्रवाकाची ती लांब, घोगरी, कुणाला तरी पैलतीरावरून हाक मारावी तशी हाक. पोरांनी स्वेटर घातले होते, काहींनी एकावर एक दोन शर्ट. तो दोन शर्टवाल्यांपैकी. पायात स्लिपर, त्याही चिखलात रुततात म्हणून हातात घेतलेल्या. बाप एका केळीवाल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी; मूळचे सातपुड्यातले, पावरा आदिवासी. हे सगळं मला सरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला दिसली ती फक्त खिशातून डोकावणारी गलोल.

मी त्याला पुढे बोलावलं. १९७२चा वन्यजीव कायदा सांगितला. पक्षी मारणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे, वगैरे. बोलताना माझा आवाज किंचित चढला होता, तो मला आजही ऐकू येतो. त्यानं काही न बोलता गलोल माझ्या हातात दिली. देताना खिशातले दोन गोल खडेही काढून दिले. त्याच्या लेखी ते तिचेच भाग असावेत. मी खडे टाकून दिले, गलोल सॅकमध्ये टाकली आणि म्हणालो, ‘आता दुर्बिणीनं नेम धर.’ या वाक्यावर मी स्वतःवर खूश झालो होतो.

मोजणीला सुरुवात झाली. उडते थवे मोजताना आम्ही आधी दहा पक्षी नीट मोजतो, तेवढ्या ठिपक्याचा आकार डोळ्यांत धरतो आणि मग तसे किती ठिपके बसतील याचा अंदाज घेतो. हे मी पोरांना समजावत होतो आणि पोरांच्या तोंडावर काहीच उमटत नव्हतं. समोर पाण्यावर वारकऱ्यांचा काळा पट्टा पसरलेला, त्यात मधेमधे थापट्या, तलवार बदकं, लालसरीचे नारिंगी ठिपके. पोरं एक-दोन-तीन करत पंचवीसपर्यंत जायची आणि थवा हलला की पुन्हा एकपासून. तेव्हा हा मागून, कुणाकडेच न बघता म्हणाला, ‘फण्या-फण्या मोजा ना.’

मला क्षणभर कळेना. पोरांना मात्र लगेच कळलं. केळीचा घड बघितला की कुणी एकेक केळ मोजत नाही. फण्या मोजतात आणि फणीला साधारण किती केळी ते डोळ्यांना ठाऊक असतं. रावेर-यावल-मुक्ताईनगरच्या पट्ट्यात दुसरी-तिसरीतलं पोरगंसुद्धा हा हिशेब करतं. पाच मिनिटांत चौदाही जण बदकांच्या फण्या मोजायला लागले. ‘सर, तिकडे सोळा फण्या!’ ‘अरे, ती अर्धी फणी हाये, उडाली उरलेली.’ दहाच्या ठिपक्याची आमची पद्धत मी पंधरा वर्षं शिकवतोय. इतक्या पटकन ती कुणाला कळलेली मी पाहिलेली नाही.

त्याला मी शाबासकी दिली का? दिली असावी. आठवत नाही, म्हणजे बहुधा नसावी.

मोजणी उरकून आम्ही बांधाच्या बाजूनं परत निघालो. वाटेत एक जुना कडुनिंब. आम्ही चौघं, गळ्यात दुर्बिणी, वर बघत बघत त्याच्याखालून गेलो. फांद्यांत काही नव्हतं. हा मागे थांबला. वर त्यानं बघितलंच नाही; खोडाकडे आणि जमिनीकडे बघत उभा. मग म्हणाला, ‘अठी पिंगया हाये.’ खोडावर, आमच्या डोक्याच्या जरा वर, चुन्याचे ओघळ आल्यासारखे पांढरे डाग होते. खाली पाचोळ्यात अंगठ्याच्या पेराएवढ्या चार-पाच राखाडी गोळ्या. त्यानं एक उचलून दोन बोटांत चुरली. आत भुंग्यांच्या पाठीचे चकचकीत तुकडे, थोडे केस आणि एक सुईएवढं हाड. पिंगळा न पचलेलं सगळं अशी गोळी करून तोंडावाटे टाकून देतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं. पण खाली बघून वरचा पक्षी ओळखायचं मला सुचलं नव्हतं. त्यानं खोडावर तळव्यानं दोनदा थोपटलं. ढोलीच्या तोंडाशी एक गोल डोकं आलं, पिवळे डोळे वटारून आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि संतापून दोनदा मान खाली-वर केली. पोरी किंचाळल्या. एक चष्मेवाली मुलगी कितीतरी वेळ तोंडावर हात धरून उभी होती.

तक्त्यात ‘पिंगळा – १’ अशी नोंद झाली. निरीक्षकाच्या रकान्यात आमच्या गटाचं नाव गेलं, कारण तक्ता तसाच छापलेला होता.

मग बिस्किटं वाटताना मी गोष्ट सांगायला घेतली. पिंगळा समोर आला की मी वनपिंगळ्याची गोष्ट सांगतोच; खानदेशात राहून ती सांगायची नाही तर काय सांगायचं! १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं या पक्ष्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे काही थोडे नमुने मिळाले, त्यातले काही डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशातून गोळा केले. १८८४ नंतर पक्षी दिसलाच नाही. मग माइनरत्झहागन नावाच्या एका बड्या लष्करी साहेबानं सांगितलं की, मला हा १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला. साहेबाच्या संग्रहात नमुना होता, नमुन्याला चिठ्ठी होती, चिठ्ठीवर गाव होतं. लोकांनी त्या गावाच्या रोखानं शोधला, मिळाला नाही. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बाईंनी जुने नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा साहेबाचं बिंग फुटलं. ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच पक्षी चोरून, पुन्हा भरून-शिवून त्यानं त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांच्या मागानं त्या आणि त्यांचे सोबती शोधत आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला, सकाळच्या उन्हात, आपल्या शहाद्याजवळ निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी! भर दिवसा हिंडणारा, डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला, ढालगज पक्षी.

या ठिकाणी मी नेहमी थांबतो. ऐकणारे ‘अरे वा’ म्हणतात. त्या दिवशीही पोरं म्हणाली. तो मात्र बिस्किट न खाता हातात धरून बसला होता. म्हणाला, ‘मंग तठल्या लोकाईले माहीत नव्हता का?’

मी म्हणालो, ‘माहीत असेल रे, पण त्यांना नाव कुठं माहीत होतं?’

‘नाव नसंन माहीत. पन पिंगया तं माहीत व्हता ना.’

सगळे हसले. मीही. आणि विषय बदलून मी पक्षी सप्ताहाच्या चित्रकला स्पर्धेचं सांगायला लागलो.

आता या गलोलीकडे बघताना मला माझं अमळनेरकडचं गाव आठवतं. आमच्या वेळी गलोल नसलेला पोरगा म्हणजे दप्तराविना शाळेत आलेला पोरगा. चांगलं बेचकं मिळावं म्हणून आम्ही उन्हाळाभर झाडं बघत हिंडायचो आणि त्या नादात कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे हे गावकुसापासून बोरी नदीपर्यंत पाठ झालेलं असायचं. मी दहा वर्षांचा असताना एक होला पाडला. अशा गोष्टीत यानंतर लेखकाला त्या पक्ष्याच्या मिटत्या डोळ्यांत काहीतरी दिसतं आणि तो गलोल नदीत फेकून देतो. मला तसं काही झालं नाही. आम्ही तिघांनी तो होला पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजला, मीठ-मिरची लावली आणि वाटून खाल्ला. खोटं कशाला सांगू, चांगला लागला होता. हातात घेतला तेव्हा तो फार गरम होता, एवढंच लक्षात राहिलंय. इतक्या लहान अंगात इतकी ऊब कुठून येते याचं नवल वाटलं होतं. घरी आज्जीला कळलं तेव्हा तिनं चोप दिला, पण तोही होल्यासाठी नव्हे. शनिवार होता.

गलोल सुटली ती कुणी सोडवली म्हणून नाही. शिकायला जळगावला आलो, मेहरुण तलावाच्या काठी खोली होती, तिथं गलोल बाळगायची लाज वाटायला लागली. नंतर कुणीतरी दुर्बीण डोळ्याला लावून दिली. तळ्यातला पाणकावळा पंख वाळवत बसला होता, त्याचा हिरवा डोळा एकदम हातभर अंतरावर आला. तेव्हा जे झालं ते होला पाडताना व्हायचं त्याहून फार वेगळं नव्हतं. तोच श्वास रोखणं, तेच आजूबाजूचं सगळं पुसलं जाणं. हे मी कुठल्याही शाळेतल्या भाषणात सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं की नको, हे आजही ठरत नाही, कारण गलोलीनं पक्षी मरतो आणि दुर्बिणीनं मरत नाही, हे तर खरंच आहे. ज्या पिंगळ्याला कडुनिंबाच्या ढोलीत आम्ही बघितलं, तो उद्या कुणाच्या तरी खड्यानं पडला तर मला राग येईल. त्यात काही खोट नाही.

पण मग मला कॅमेरेवाले आठवतात. हातभर लांब लेन्स घेऊन यावलच्या आणि तोरणमाळच्या जंगलात वनपिंगळ्यासाठी येणारे. मोबाइलवर त्याची हाक वाजवायची, दुसरा नर हद्दीत शिरला समजून तो बिचारा घरटं सोडून समोरच्या फांदीवर येतो, शड शड शड फोटो. पुन्हा हाक, पुन्हा फोटो. विणीच्या दिवसांत असं दिवसभर चालतं. २०१८ पासून या पक्ष्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ अशी होते, म्हणजे थोडं बरं आहे, पण इतकंही बरं नाही. मी स्वतः एकदा अशा घोळक्यात होतो. मोबाइल माझा नव्हता, पण ‘अजून एकदा लाव’ असं म्हणणाऱ्यांत मी होतो. त्या घोळक्यातल्या एकाचाही कॅमेरा कुणी सगळ्यांसमोर जप्त केला नाही.

पोरांना निसर्गाकडे न्यायचं म्हणून जे कार्यक्रम होतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मला पाहुणा म्हणून बसवतात, तेव्हा यात माझाही वाटा आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा वन्यजीव सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. एका ठिकाणी मागच्या फ्लेक्सवर जिराफ होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, वाघाच्या जंगलापासून मोटारसायकलनं तासाभरावर, मी जिराफाखाली बसून ‘आपलं वन्यजीवन’ यावर बोललो. चित्रकलेत नव्वद पोरांनी मोर काढले, उरलेल्यांनी पोपट. एकानं रानडुक्कर काढलं होतं, मक्यात घुसलेलं, आणि मागे माळ्यावर डबा बडवणारा माणूस. चित्र झकास होतं. परीक्षकांनी ते ‘विषयाला धरून नाही’ म्हणून बाजूला ठेवलं. परीक्षक तिघं होतो, त्यातला एक मी.

मुक्ताईनगर तालुक्यात वढोद्याच्या बाजूला २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी व्याघ्र संवर्धन राखीव क्षेत्र झालं, सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. नकाशावर छान हिरवं दिसतं. त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला शेतीची वीज रात्री मिळते, म्हणून रात्री एकट्यानं केळीत पाणी भरायला जावं लागतं, आणि केळीच्या बागेत बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले की ते रानमांजराचे की आणखी कुणाचे हे ठरवायला फार वेळ नसतो. अशाच एका गावात भाषणानंतर एका पोराचे वडील मला गाठून म्हणाले होते, ‘सर, रोहीचं शास्त्रीय नाव सांगितलं ते बरं झालं. आता हरभऱ्यातून तो हाकलायचा कसा तेही सांगून द्या पोराईले.’ टवाळी नव्हती त्यांच्या बोलण्यात. खरंच विचारत होते. मी वन खात्याच्या नुकसानभरपाईच्या अर्जाबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी मान डोलावली, आणि चहा पाजला.

एकच जागा अशी बघितली जिथं मला पाहुण्यासारखं वाटलं नाही, उलट विद्यार्थ्यासारखं वाटलं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे नाव झालं, पण गावानं आपलं अकराशे एकरांचं जंगल राखायला नव्वदच्या दशकातच सुरुवात केली होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडली तर दंड. दंड कुणालाच माफ नाही. तिथल्या वनभाजीच्या स्पर्धेला एकदा गेलो होतो. पावसाची भुरभुर, ओल्या पेंढ्याचा वास, ओळीनं मांडलेल्या पाट्या आणि प्रत्येक बाईसमोर तिनं रानातून आणून रांधलेल्या भाज्या. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आजीच्या पाटीमागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला भाज्या दाखवत होती. ही खाऊन घसा खाजतो, मग चिंच घालायची. ही पहिल्या पावसातच, नंतर जून होते. ही नदीच्या त्या अंगाला, ‘पण तुम्हाला नाही सापडणार.’ मी विचारलं, का नाही सापडणार? तर तिनं माझ्या बुटांकडे बघितलं आणि काही बोलली नाही. तिला कुणी जंगलात ‘सहभागी’ करून घेतलं नव्हतं. तिथं सहभागी व्हायला बाहेरून आलेला मीच होतो. परतीच्या वाटेवर एस.टी.त मी हे सगळं वहीत लिहून काढलं, मोठ्या कौतुकानं. आणि तरीही काही वर्षांनी हतनूरच्या काठावर एका पावरा पोराला पुढे बोलावून मी कायदा वाचून दाखवला. वहीतलं वहीत राहतं.

मोजणीच्या दुसऱ्याच रविवारी गलोल परत द्यायची असं मी घरी येताना ठरवलं होतं. जरा समजावून, जरा गोड बोलून, जमलं तर एक जुनी दुर्बीणही द्यावी. मग मार्चअखेर आली, बँकेत मान वर करायला फुरसत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगावचं ऊन पंचेचाळिसाच्या वर, कोण बाहेर पडतं! जूनमध्ये शाळा उघडल्यावर जाऊ. दिवाळीनंतर जाऊ. गलोल सॅकमधून टेबलावर आली, टेबलावरून बायकोनं खणात टाकली, आणि तिच्यावर बंद घड्याळ येऊन पडलं.

यंदा मोजणीला निघताना मी ती सोबत घेतली. जुनी दुर्बीणही घेतली, पट्टा बदलून.

तीच शाळा, तेच सर, पोरं आता नववीची. धुकं या वेळी नव्हतं, वारा होता, आणि पाण्यावर बारीक लाटा. मी पोरांमधे नजर फिरवली. सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘तो? तो गेला ना आखाजीला.’ माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईनं पुढे म्हणाले, ‘म्हणजे साल संपलं त्याच्या बापाचं. दुसरीकडे लागला. चोपड्याकडे म्हणे, का शिरपूरकडे. दाखला नेलेला नाही अजून. पटावर नाव आहे.’

खानदेशात जन्म गेला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं वर्ष बदलतं हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. आमच्याकडेही सालदार होता. आखाजीच्या दिवशी पुरणपोळी, आमरस, माहेरी आलेल्या पोरीबाळींचे झोके, गाणी. आणि त्याच दिवशी संध्याकाळी ओसरीवर आबा आणि सालदार समोरासमोर बसून पुढल्या सालाचं बोलणं करायचे. जमलं नाही तर सकाळी त्याच्या झोपडीत चूल थंड असायची. त्याच्या पोरासोबत मी गोट्या खेळायचो. एका आखाजीनंतर तोही नव्हता. कुठे गेला हे मी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे आमरस होता.

मोजणी झाली. पोरं आपसात फण्या मोजत होती. आता ते कुणी शिकवलं हा प्रश्नच राहिला नव्हता, शाळेत हा शब्दच तसा रुळला होता. नव्यानं आलेल्या सातवीच्या दोन पोरांना एक जण दरडावत होता, ‘एकेक काय मोजतो बे, फण्या मोज.’ पट्टकादंब हंसांचा एक थवा पलीकडच्या गाळपेऱ्यात उतरलेला होता. सगळ्यांचं मिळून त्यावर एकमत झालं, पाच फण्या आणि वर दोन केळी. मी तक्त्यात बावन्न लिहिले.

परतताना तो कडुनिंब आला. पोरं आपोआप थांबली, आणि कुणीच वर बघितलं नाही. चष्मेवाली खोडाजवळ जाऊन उकिडवी बसली. पाचोळा हातानं बाजूला करत होती, शांतपणे, सवयीनं. खोडावरचे ओघळ पावसात धुऊन गेले होते, पुसट खुणा उरल्या होत्या. गोळ्या नव्हत्या. ढोलीच्या तोंडातून गवताच्या दोन काड्या आणि निळ्या प्लॅस्टिकची चिंधी लोंबत होती. इतक्यात एक साळुंकी आली, आमच्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि आत शिरली.

‘गेला तो,’ चष्मेवाली म्हणाली. ‘साळुंकीनं काढला वाटते.’ मग उठून हात झटकत तिनं विचारलं, ‘लिहायचं का, सर? पिंगया शून्य?’

तक्त्यात शून्याची नोंद करायची पद्धत नाही. मी म्हणालो, लिही. तिनं नावासमोर नीट गोल शून्य काढलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेत, मी न सांगता, मागच्या वर्षी कुणी दाखवला होता त्याचं नाव लिहिलं. आडनावासकट. मला त्याचं आडनाव तेव्हा कळलं.

जुनी दुर्बीण मी सरांकडे शाळेसाठी ठेवून दिली. गलोल द्यावी की नाही हे कळेना. देऊन तरी काय सांगणार? भुसावळला जाणारी एस.टी. बरीच उशिरा आली. खिडकीची जागा मिळाली म्हणून घाईनं बसलो, तर मागच्या खिशात काहीतरी टोचलं. उठून ती काढली आणि मांडीवर धरून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं बघितलं, हातात मागून घेतली, पट्टी ताणली. ‘रबर गेलं हिचं,’ तो म्हणाला. ‘बेचकं मात्र झकास हाये. कोन्हं केलं?’

मी नाव सांगितलं.